वेळ, वेला आणि जुहूचा किनारा

पावसाळा तोंडावर आला की मुंबई महापालिका एक यादी काढते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोणत्या तारखेला समुद्राला साडेचार मीटरच्या वरची भरती आहे आणि ती किती वाजता आहे, एवढंच त्यात असतं. वर्तमानपत्रं ती छापतात आणि दरवर्षी हमखास ‘साडेचार मीटरच्या लाटा’ असा मथळा देतात. तो चूक आहे. साडेचार मीटर ही लाटेची उंची नव्हे, पाण्याच्या पातळीची आहे. लाटा त्याच्यावर वेगळ्या. असो. आम्हा जुहूकरांना ही यादी सांभाळून ठेवावी लागते. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर इर्ल्याच्या नाल्याचं पाणी समुद्र घेत नाही आणि मग ते आमच्या गल्ल्यांत येतं.

यादीतल्या एका रकान्यावर लिहिलेलं असतं ‘वेळ’. आजची पोस्ट त्या शब्दावर आहे. थोडी लांब आहे, पण जुहूच्या वाळूवरून जे वाद आज चालू आहेत त्यांच्याशी तिचा थेट संबंध आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आपला ‘वेळ’ संस्कृत ‘वेला’वरून आला. अमरकोशात या शब्दाचे तीन अर्थ एका दमात दिले आहेत: समुद्राच्या पाण्यात होणारा बदल (म्हणजे भरती-ओहोटी), काळ, आणि मर्यादा. शिवाय जिथं ही भरती येऊन थांबते तो किनारा, तोही वेलाच. आज आपल्याला हे चार वेगळे शब्द वाटतात. संस्कृत बोलणाऱ्याला ती एकच गोष्ट वाटत होती. पाणी ठरल्या काळी येतं, ठरल्या जागी थांबतं आणि परत फिरतं. येण्याचा काळ वेला, येणारं पाणी वेला, थांबण्याची रेघ वेला.

सगळ्यात जुना अर्थ सीमेचाच दिसतो. शतपथ ब्राह्मणात वेला ही हद्द या अर्थाने येते. पुढे महाकाव्यांत तिला समुद्र चिकटला आणि मग तो कधी सुटलाच नाही. पुराणांनी तर तिला माणूस केलं: वेला ही मेरुपर्वताची मुलगी आणि समुद्राची बायको. मला ही कल्पना फार आवडते. जगातली सगळ्यात अवाढव्य, बेबंद गोष्ट घेतली आणि तिला आवरणारी म्हणून पर्वताची लेक दिली. समुद्र थांबतो तो भिंतीपाशी नाही, नात्यापाशी थांबतो.

महाभारताच्या युद्धपर्वांत एक उपमा पुन्हा पुन्हा येते. चाल करून येणाऱ्या सैन्याला एखादा वीर थोपवतो, तेव्हा कवी म्हणतो, वेलेनं समुद्राला अडवावं तसं त्यानं अडवलं. बौद्धांच्या पाली ग्रंथांत हीच प्रतिमा वेगळ्या कामाला लावली आहे. महासागराचे आठ आश्चर्यकारक गुण सांगताना त्यातला एक असा की तो आपली वेला ओलांडत नाही. तसेच माझे शिष्य घालून दिलेले नियम ओलांडत नाहीत, असं बुद्ध म्हणतो. आपल्या कान्हेरीच्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंना हा दृष्टांत समजावून सांगायची फारशी गरज पडली नसेल. डोंगरावरून पश्चिमेला समुद्रच होता.

कालिदासाकडे वेला दोन वेगवेगळ्या रूपांत भेटते. रघुवंशाच्या पहिल्या सर्गात दिलीप राजाच्या राज्याचं वर्णन आहे: समुद्रकिनारा हा तट आणि समुद्र हा खंदक, अशी सगळी पृथ्वी म्हणजे जणू एकच नगरी. इथं वेला म्हणजे राज्याची हद्द. तेराव्या सर्गात राम पुष्पक विमानातून सीतेला खालचा किनारा दाखवतो, तेव्हा तीच वेला लोखंडी चाकाच्या कडेवर चढलेल्या गंजाच्या बारीक रेघेसारखी दिसते, तमाल आणि ताडांच्या झाडीनं काळसर झालेली. रात्री विमान मुंबईत उतरताना खिडकीतून खाली पाहिलंत तर अशी रेघ आजही दिसते, फक्त ताडांच्या जागी दिवे.

पण या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो रामायणाच्या युद्धकांडातला प्रसंग, आणि तो आपण टीव्हीवर पाहून पाहून इतका गुळगुळीत केला आहे की त्यात काय आहे हे विसरून गेलो आहोत.

राम समुद्राकाठी दर्भावर तीन रात्री पडून राहतो, वाट मागतो. समुद्र येत नाही. राम चिडतो, बाण सोडायला लागतो. प्रचलित पाठात पुढे असं आहे की समुद्र इतका खवळला की तो आपली वेला एक योजन ओलांडून आत आला, जे एरवी फक्त प्रलयात घडतं. राम जागचा हलत नाही. मग समुद्र स्वतः समोर येतो आणि जे बोलतो ते शरण आलेल्याचं बोलणं नाही. तो सांगतो, पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, तेज हे सगळे आपापल्या स्वभावात राहतात. खोल असणं, पार करता न येणं हा माझा स्वभाव. इच्छा, लोभ किंवा भय यांपैकी कशापायीही मी माझं पाणी थिजवून ठेवणार नाही. एवढं ऐकवून झाल्यावर तो उपाय सांगतो: तुझ्या सैन्यात नल आहे, त्याला सेतू बांधू दे, मी तो धरून ठेवीन.

म्हणजे सेतू झाला, पण समुद्राला विचारून झाला, आणि वेला कुठं असावी हे ठरवण्याचा अधिकार अवतारी पुरुषालाही मिळाला नाही. ज्याला आपण मर्यादापुरुषोत्तम म्हणतो त्याच्याच गोष्टीत समुद्राच्या मर्यादेचा प्रश्न आला आहे, हे विसरू नये.

आता हा शब्द आपल्या भाषांत उतरला कसा ते पाहू. इथं मजा आहे, कारण प्रत्येक भाषेनं वेलेचा एक-एक तुकडा उचलला.

मराठीनं काळ घेतला, आणि त्याचेही दोन भाग केले. ‘वेळ गेला’ आणि ‘वेळ गेली’ यांत फरक आहे. तासभर रांगेत उभं राहिलो, वेळ गेला, म्हणजे अवधी. पण मुहूर्ताची वेळ गेली. म्हणजे नेमका क्षण. पुल्लिंगी वेळ वाहतो, स्त्रीलिंगी वेळ येते आणि टळते. इंग्रजी शाळेतल्या आमच्या मुलांना हा फरक समजावणं कठीण जातं, पण आजी चुकत नाही. आणि ती म्हण बघा: काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. काळ म्हणजे यम, तो दारात उभा आहे, पण त्यालाही एक रेघ आहे, तिच्याआधी त्याचं चालत नाही. काळापेक्षा वेळ मोठी! माझ्या मते वेलेचा तो जुना ‘मर्यादा’ हा अर्थ मराठीत जिवंत उरला असेल तर या एका म्हणीत.

कोकणीनं किनारा घेतला. गोव्यात ‘दर्यावेळ’ म्हणजे बीच. ‘वेळेर’ म्हणजे वाळूवर. आपण ‘वेळेवर आलो’ म्हटलं की घड्याळाकडे बघतो. तिकडच्या माणसाला तेच ऐकून पायाखाली वाळू दिसेल. मल्याळममध्ये भरतीला वेलियेट्टम आणि ओहोटीला वेलियिरक्कम म्हणतात. तिथं पाणी टिकलं. तमिळनं दोन वाटा केल्या, ‘वेळै’ म्हणजे काळ आणि जुन्या कवितेतलं ‘वेलै’ म्हणजे समुद्र, किनारा. (आजच्या बोलण्यात वेलै म्हणजे काम, तो गोंधळ करू नका.) कन्नड वेळे, तेलुगू वेळ, गुजराती वेळा, सिंहली वेलाव, हे सगळे काळाचे. बंगालीत सकाळबेला, छेलेबेला हे रोजचे शब्द आहेत, पण वाळूच्या किनाऱ्याला ‘बेलाभूमी’ही म्हणतात, तिथं दोन्ही अर्थ शेजारी नांदतात. पंजाबीत पहाटेची ‘अमृत वेला’. आणि गंमत म्हणजे मलाय आणि इंडोनेशियन भाषेत ‘बिला’ म्हणजे ‘केव्हा’, तोही वेलाच. तो तिथं समुद्रमार्गेच गेला असणार. व्यापारी आणि भिक्षू गलबतांतून उतरले तेव्हा बंदरावर सगळ्यात आधी विचारला जाणारा प्रश्न ‘केव्हा?’ हाच असेल, नाही का? भरती केव्हा, माल केव्हा, परतायचं केव्हा.

इंग्रजीतही असंच आहे. ‘टाइड’ हा शब्द मुळात काळाचा. जर्मनमध्ये त्याचा भाऊ ‘त्साइट’ आजही काळ याच अर्थानं वापरतात. ज्यांचं पोट समुद्रावर होतं त्या सगळ्यांना वेळ पाण्यानंच शिकवली.

बंदर या अर्थानं तर हा शब्द आपल्याच मातीत तांब्यावर कोरलेला आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार राजा अनंतदेवाचा खारेपाटणला सापडलेला ताम्रपट शके १०१६ चा, म्हणजे साधारण इ.स. १०९५ चा. त्यात दोन व्यापारी घराण्यातल्या भावांच्या गलबतांना जकात माफ केली आहे आणि कुठंकुठं माफ, तर श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमूल्य वगैरे ‘वेलाकूलां’त. श्रीस्थानक म्हणजे ठाणे, शूर्पारक म्हणजे आपलं नालासोपारा, चेमूल्य म्हणजे चौल. (हे नागपूर विदर्भातलं नव्हे, कोकण किनाऱ्यावरचं.) वेलाकूल म्हणजे बंदर. साष्टी बेट याच राज्यात होतं. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावरचा सरकारी कागद ‘वेला’ हा शब्द समुद्रासकट वापरत होता. आजचा सरकारी कागद ‘वेळापत्रक’ म्हणतो आणि समुद्राला ‘उच्चतम भरती रेषा’ म्हणतो.

आता जुहूकडे येऊ. आधी एक खुलासा, कारण कोणीतरी विचारणारच. ‘जुहू’ हाही संस्कृत शब्द आहे. यज्ञात तुपाची आहुती देण्याची पळसाच्या लाकडाची पळी, तिचं नाव जुहू. पण आमच्या गावाचा त्या पळीशी संबंध जोडू नका. पोर्तुगीज या जागेला ‘जुवें’ म्हणत आणि कोकणीत ‘जुवें’ म्हणजे बेट. तो अर्थ इथल्या जमिनीला नेमका बसतो. एकोणिसाव्या शतकापर्यंत जुहू हे साष्टीच्या पश्चिमेला पडलेलं एक लांबट, अरुंद वाळूचं बेट होतं, पाण्यावर जेमतेम मीटर-दोन मीटर. ओहोटी लागली की मधला चिखल तुडवत चालत यायचं, भरती आली की थांबायचं. उत्तरेच्या टोकाला भंडारी, आगरी, कुणबी; दक्षिणेला कोळीवाडा. म्हणजे या गावात येण्या-जाण्याचा रस्ता हाच मुळात वेला होता, दिवसातून दोनदा उघडणारा आणि दोनदा बंद होणारा.

१९२८ साली इथं विमानतळ झाला. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते जुहूलाच. हे सगळे सांगतात. पुढचं कमी सांगतात: पावसाळ्यात हे मैदान पाण्याखाली जायचं, म्हणून टपालाची विमानं पुण्याला हलवावी लागली. ज्या जमिनीवर आज आपण इमारतींचे पाया खणतो, तिचा स्वभाव तेव्हाच कळला होता.

कोळ्यांना आणि कोकणातल्या सगळ्याच दर्यावर्दींना हा स्वभाव तिथीवरून कळतो. हिशोब अगदी सोपा आहे, शाळेत शिकवायला हवा. पक्षातली तिथी घ्या आणि तिला पाऊणनं गुणा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी एकदा आणि पहाटे एकदा. अष्टमीला सहा. चतुर्दशीला साडेदहा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून मुंबईच्या किनाऱ्यावर हे जमतं. पुनव-अवसेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जास्त चढणार आणि जास्त उतरणार. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी फार हलणार नाही. पंचांग हे कोळ्यासाठी व्रतवैकल्यांचं पुस्तक नव्हतंच, ते भरतीचं वेळापत्रक होतं. इथं वेळ आणि वेला पुन्हा एक होतात.

आता या हिशोबात अनंत चतुर्दशी घालून बघा. ती पुनवेच्या आदल्या दिवशी, म्हणजे दरवर्षी, न चुकता, उधाणाच्या तोंडावर येणार. भरती सकाळी आणि रात्री साडेदहा-अकराच्या आसपास, ओहोटी संध्याकाळी साडेचार-पाचला. २०२५ ला गिरगाव चौपाटीवर लालबागच्या राजाचं विसर्जन भरतीमुळे तासन्‌तास खोळंबलं, दुसऱ्या दिवशी रात्री झालं. त्यावर किती चर्चा झाली, तराफ्याची, नियोजनाची, ग्रहणाची. मुहूर्त सगळ्यांनी पाहिला होता. समुद्राची वेळ मात्र चर्चेत शेवटी आली.

आणि कायदा? ऐकून आश्चर्य वाटेल, पण कायद्याला वेला कळते. १९ फेब्रुवारी १९९१ ला केंद्र सरकारनं किनारपट्टी नियमनाची, म्हणजे सीआरझेडची, अधिसूचना काढली. समुद्राच्या भरती रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमनाखाली आला. भरती रेषा म्हणजे काय, याची व्याख्या साधारण अशी आहे की उधाणाच्या भरतीला पाणी जमिनीवर जिथपर्यंत पोहोचतं ती रेघ. अमरकोशातले तिन्ही अर्थ या एका व्याख्येत आहेत. पाणी आहे, काळ आहे, मर्यादा आहे. दिल्लीत बसून हे लिहिणाऱ्याच्या मनात वेला असेल-नसेल, पण त्यानं तिलाच कायद्यात आणलं.

नंतर काय झालं ते आपण पाहिलंच आहे. २०११ ला नवी अधिसूचना, २०१९ ला आणखी नवी. शहरी किनाऱ्यावर १९९१ च्या पातळीला गोठवलेला चटई क्षेत्र निर्देशांक २०१९ ला मोकळा झाला. खाडीलगतचा पट्टा १०० मीटरवरून ५० वर आला. त्या नियमांनुसार मुंबईचे किनारा आराखडे २०२१ मध्ये मंजूर झाले. हे सगळंच वाईट आहे असं मी म्हणत नाही. जुहूत मोडकळीला आलेल्या इमारती आहेत, त्यांत राहणारी माणसं तीस-तीस वर्षं पुनर्विकासाची वाट बघत होती, त्यांना दोष कसा देणार? कोळीवाड्यातल्या घरांवर मजला चढवायचा तर आजोबांच्या काळापासून राहणाऱ्यांनाच कागद दाखवावे लागतात, आणि किनाऱ्याला लागून कोणाकोणाचं काय उभं राहिलं हे सगळ्या जुहूला माहीत आहे.

माझा मुद्दा रेघेबद्दल आहे. नकाशावर भरती रेषा एकदा आखली की ती हललेली आपल्याला चालत नाही. तिच्यावर मीटरचे हिशोब चढतात, मीटरवर चौरस फूट, चौरस फुटावर पैसे. पण वेला ही मुळात हलणारी रेघ. भांगाला इथं, उधाणाला तिथं, वाऱ्यासकट पावसाळी उधाण असेल तर आणखी आत. वाळू एका मोसमात जाते, दुसऱ्यात परत येते. एका जागी दगड टाकले की शेजारी धूप होते. समुद्राशी बोलणी करून रेघ आखलेली नाही, आपण आपसांत बोलून आखली आहे. म्हणून आराखड्यावर हरकती मागवतात तेव्हा मोरागावातल्या आणि जुहू कोळीवाड्यातल्या माणसाचं म्हणणं हे नुसतं ‘स्थानिकांची भावना’ म्हणून नोंदवून मोकळं होणं मला पटत नाही. पाणी कुठवर येतं हे तो सांगत असेल तर ती भावना नव्हे, मोजमाप आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही नव्हता. उपनगरात पाणी वरून पडत होतं, समोरून भरती होती, मधे आपण होतो. त्यानंतर ज्या उदंचन केंद्रांच्या कामाला वेग आला त्यांत आपलं इर्ल्याचं एक. भरती आली की दरवाजे बंद करायचे आणि आतलं पाणी पंपानं उचलून समुद्रात टाकायचं. चांगलं काम आहे, त्याशिवाय जुहूचं भागणार नाही. पण ते काम चालतं कशावर? भरतीच्या वेळेवर.

आता वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूचं काम चालू आहे आणि त्याचा एक फाटा जुहू कोळीवाड्याजवळ उतरणार आहे. रोज दोन तास एस. व्ही. रोडवर घालवणाऱ्याला तो हवा आहे, आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. कोळीवाड्याला विचारायचंय की होड्या कुठून जाणार, जाळी कुठं वाळवणार, वाळू कुठं सरकणार. त्याचंही म्हणणं खोटं नाही. एकाला वेळ वाचवायचा आहे आणि दुसऱ्याला वेला. हे प्रश्न पहिल्या खांबाच्या आधी विचारायचे असतात.

एक विनंती करतो. कोळी, भंडारी, आगरी, ईस्ट इंडियन घरांतल्या मोठ्या माणसांकडे भरती-ओहोटीचे जे शब्द आहेत ते मला हवे आहेत. ओहोटीला कोकणात ‘सुकती’ म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात? पाणी चढताना, थांबताना, फिरताना वेगळी नावं आहेत का? उघड्या पडणाऱ्या वाळूला काय म्हणता, आणि गोव्यासारखं किनाऱ्याला ‘वेळ’ म्हटलेलं आपल्या बाजूला कोणी ऐकलंय का? आजीला, मावशीला, नाखव्याला विचारा आणि खाली लिहा. गावाचं नाव तेवढं नक्की टाका.